वाचकाने मागितली म्हणून उरलेली युद्धे

प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या युद्धाचे मराठीतले सर्वांत जिवंत पुस्तक कोणते, असे जाणत्या वाचकाला विचारले तर तो बहुधा विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे नाव घेईल. गोडसे सैनिक नव्हते. पेणजवळच्या वरसई गावचे ते भिक्षुक. घरावर कर्ज होते, म्हणून दानदक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. परत आल्यावर बरीच वर्षे ही हकीकत त्यांच्या तोंडीच राहिली. ती कागदावर उतरली कल्याणच्या एका तरुण वाचकामुळे. तो मागे लागला नसता, तर वेढ्यातली झाशी मराठीत आपल्याला दिसलीच नसती.

युद्धाच्या आठवणींचे नवल इथेच आहे. लढलेला किंवा लढाई पाहिलेला माणूस आपण होऊन क्वचितच लिहितो. कोणीतरी त्याला “लिहा” म्हणावे लागते. पुस्तक छापून झाल्यावर पुढे एका वाचकाने दुसऱ्याला “हे वाच” म्हणावे लागते. या दोन्ही गोष्टी कशा घडतात, हे पाहायला ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीइतका चांगला मुलूख नाही.

वरसईचे भटजी आणि कल्याणचे वैद्य

चिंतामण विनायक वैद्य यांचा जन्म १८६१ साली कल्याणला झाला. पुढे ते ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश झाले, ‘भारताचार्य’ म्हणून ओळखले गेले आणि १९०८ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. वैद्य घराणे गोडसे भटजींचे यजमान होते. भटजींच्या तोंडून उत्तरेच्या प्रवासाच्या गोष्टी निघत. या आठवणी लिहून ठेवा, असा आग्रह वैद्यांनी धरला आणि १८८३च्या सुमारास गोडशांनी मोडी लिपीत हे हस्तलिखित तयार केले. तेव्हा वैद्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

लगेच छापणे मात्र धोक्याचे होते. झाशीच्या राणीबद्दल आदराने लिहिणारे आणि गोऱ्या फौजेने केलेली कत्तल जशी पाहिली तशी सांगणारे पुस्तक इंग्रज सरकारच्या डोळ्यावर आले असते. म्हणून वैद्यांनी ते जवळजवळ पाव शतक जपून ठेवले आणि गोडशांच्या निधनानंतर, १९०७ साली छापले. छापताना भाषा त्या काळच्या ग्रांथिक वळणाची केली आणि काही मजकूरही बदलला. पण मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोहोचले आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ बरहुकूम प्रत प्रसिद्ध केली. आज वाचकाला दोन्ही रूपे ताडून पाहता येतात ती यामुळेच.

त्यानंतरचा या पुस्तकाचा प्रवासही शिफारशींचाच आहे. हिंदीतले थोर कादंबरीकार अमृतलाल नागर यांना ते इतके भावले की त्यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला. २०११ पासूनच्या तीन-चार वर्षांत इंग्रजीत त्याचे एकामागून एक तीन अनुवाद निघाले. मृणाल पांडे, सुखमणी रॉय आणि प्रिया आडारकर-शांता गोखले ही त्या अनुवादकांची नावे. मोडीत लिहिलेले एका भिक्षुकाचे बाड सव्वाशे वर्षांनी जगभर वाचले जाऊ लागले.

झाशीच्या तटाआड

गोडसे कशामुळे मोठे, हे कळायला झाशीची प्रकरणे वाचावीत. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा गोडसे शहरातच होते. तोफांच्या माऱ्यात माणसे कशी झोपतात, पाणी कसे आणतात, दिवसा पडलेला तट गवंडी रात्रीतून कसा सावरतात, हे ते घरातल्या माणसाच्या नजरेने सांगतात. शहर पडल्यावरच्या लुटीचाही क्रम त्यांनी टिपला आहे: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता आणि धान्य. सरकारी खलित्यात ‘शहर काबीज झाले’ एवढेच येते. काबीज होणे म्हणजे काय, ते गोडशांच्या पानांवर कळते.

त्यातही पुस्तकप्रेमी वाचकाला चटका लावणारी जागा झाशीच्या ग्रंथालयाची. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या पोथ्या तिथे रुमालांत बांधून ठेवलेल्या होत्या. शिपायांनी रुमाल काढून घेतले आणि पोथ्या भिरकावून दिल्या. जीव मुठीत धरून लपलेल्या माणसाने इतक्या प्रेतांच्या गर्दीत या पोथ्यांसाठीही हळहळावे, यावरून तो किती सच्चा साक्षीदार होता हे कळते.

दुसरी जागा काल्पीच्या वाटेवरची. झाशीतून निसटलेली राणी धुळीने माखलेल्या पुरुषी वेषात एका विहिरीपाशी आली. गोडसे तिथे होते. ते पाणी काढून देऊ लागले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणून तिने स्वतःच शेंदले आणि ओंजळीने प्याली. युद्धाच्या इतिहासात हा प्रसंग कुठेच बसत नाही. त्याने लढाईचा निकाल बदलत नाही. पण राणी लक्ष्मीबाई माणूस म्हणून कशी होती, हे या एका ओंजळीवरून जितके कळते तितके दहा पोवाड्यांतून कळत नाही.

पाहिलेले आणि ऐकलेले

गोडसे वाचताना एक शिस्त मात्र पाळावी लागते, आणि ती प्रत्येक युद्धस्मृतीला लागू आहे. लेखकाने पाहिलेले काय आणि ऐकलेले काय, हे वेगळे करावे. बंडाच्या कारणांविषयी गोडशांना वाटेत शिपायांकडून कळले. इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे धर्म बुडवणाऱ्या चौऱ्याऐंशी कलमांची यादी ठेवली, अशी हकीकत ते देतात. ती इतिहास नव्हे. त्या काळी छावण्याछावण्यांतून फिरणारी ती अफवा होती. पण ती अफवा लोकांना खरी वाटत होती, हेच इतिहासाच्या कामाचे आहे. शिपाई का पेटला, हे समजायला त्याने काय ऐकले होते तेही कळावे लागते. त्यामुळे गोडशांचे ऐकीव प्रकरण टाकून द्यायचे नसते, वेगळ्या खणात ठेवायचे असते.

ठाण्याचे भावे

वैद्यांनी जे एका पुस्तकासाठी केले, ते ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांनी सबंध मराठी ग्रंथसंपदेसाठी केले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे हेच भावे. १ जून १८९३ रोजी त्यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. त्या वेळी ते बावीस वर्षांचेही नव्हते. केवळ मराठी पुस्तकांना वाहिलेले पहिले ग्रंथालय म्हणून त्याची ख्याती आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर त्याहून जुने, १८६४ सालचे.

भाव्यांची आवडही इथे लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या बखरी आणि कागद त्यांनी ‘मराठी दप्तर’च्या रुमालांतून छापले आणि ‘चक्रवर्ती नेपोलियन’ हे चरित्रही लिहिले. घरची बखर आणि परका सेनापती, दोन्ही मराठी वाचकाच्या हाती असावेत, ही त्यांची दृष्टी होती. युद्धेतिहास वाचणाऱ्याने आजही याच दोन पायांवर उभे राहावे.

ज्या ठाण्यात हे काम झाले, ते स्वतःच रणभूमी आहे. आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह ज्या तटांच्या आत आहे, तो पोर्तुगीजांनी १७३०च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला. मार्च १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. रोज त्या भिंतीवरून जाणाऱ्या ठाणेकराने यशवंत नरसिंह केळकर यांचे ‘वसईची मोहीम’ हातात घ्यावे. आपल्या खाडीच्या दोन्ही काठांवर काय घडले होते, ते त्यात सापडते.

एक लढाई, चार पुस्तके

युद्ध एकाच पुस्तकातून कधीच पुरते कळत नाही. याचा उत्तम धडा पानिपत देते. १४ जानेवारी १७६१च्या त्या दिवशी नाना फडणीस अठरा वर्षांचे होते. ते जीव वाचवून परतले, आई मात्र त्या धामधुमीत कायमची दुरावली. त्यांनी लिहिलेले छोटे आत्मचरित्र म्हणजे पराभवातून निसटलेल्या तरुणाची साक्ष आहे. दुसऱ्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशीराज हा मराठी माणूस अब्दालीच्या गोटातून लढाई पाहत होता. सुमारे वीस वर्षांनी त्याने फारसीत आपली हकीकत लिहिली. तिसरी ‘भाऊसाहेबांची बखर’. तिची भाषा अंगावर रोमांच आणते, पण तिचे सगळे तपशील जसेच्या तसे धरता येत नाहीत. चौथे त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’. शेजवलकरांनी कागद तपासले, रणभूमी पायाखाली घातली आणि मगच निवाडा दिला.

पराभूत, परपक्षातला, गोष्ट सांगणारा आणि तपासणारा, असे हे चार आवाज आहेत. चौघे एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणातून वाचकाला लढाई दिसू लागते. कल्याणच्या वैद्यांनाही पानिपताने सोडले नाही. त्यांची ‘दुर्दैवी रंगू’ ही कादंबरी त्याच युद्धाच्या पार्श्वभूमीवर आहे.

ज्यांनी लिहिले नाही ते

मराठी शिपाई परमुलखात लढले, पण त्यांची लेखणी तिथे पोहोचली नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्यांतले शिपाई उपासमारीत टिकले आणि शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेले. या वेढ्यावरची गाजलेली पुस्तके इंग्रज अधिकाऱ्यांची आहेत. सेनापती टाउनशेंडने स्वतःच एक लिहिले. साध्या शिपायाचा आवाज उरला तो बहुतांशी पत्रांत, आणि फ्रान्सच्या आघाडीवरची पत्रेही उरली ती लष्करी सेन्सॉरने त्यांतले उतारे भाषांतरून ठेवले म्हणून. राजद्रोहाच्या भीतीने केलेली नोंद आज इतिहासाचे साधन ठरली आहे. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली या पत्रांचा निवडक संग्रह इंग्रजीत काढला. मराठीत त्या पिढीच्या लष्करी जीवनासाठी कॅप्टन गो. गं. लिमये यांचे ‘सैन्यातील आठवणी’ हाती घ्यावे. लिमये पेशाने डॉक्टर आणि मराठीतले नामांकित विनोदी कथाकार.

आणि काहींना लिहायची संधीच मिळाली नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मारले गेले. त्यांच्या तुकडीतले सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा ते एकटेच गनवर चालून गेले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले, आणि मग शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉससोबतच्या मानपत्रात हे काही ओळींत नोंदले आहे. बाकी सगळे आयुष्य त्या ओळींच्या बाहेर राहिले.

अहवाल कुलुपात, पुस्तके बाहेर

सैनिकाच्या पुस्तकाची खरी किंमत कळते ती सरकारी कागद बंद असतात तेव्हा. १९६२च्या चीन युद्धातल्या अपयशाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. त्यांचा अहवाल १९६३ साली सादर झाला आणि सरकारने तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. अर्थात साठ वर्षे या युद्धाविषयी सामान्य नागरिकाला जे कळले, त्यातले पुष्कळसे लढलेल्यांच्या पुस्तकांतून.

त्या पुस्तकांतले पहिले नाव ‘हिमालयन ब्लंडर’. लेखक ब्रिगेडियर जॉन दळवी. नामका चू नदीकाठी त्यांची ७वी ब्रिगेड पातळ कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी, चुकीच्या जागी बसवलेली होती. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि दोन दिवसांनी दळवी चीनच्या कैदेत गेले. सुमारे सात महिन्यांनी सुटून आल्यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९६९ साली मुंबईच्या थॅकर कंपनीने काढले. त्यांच्यावरचे कोअर कमांडर जनरल बी. एम. कौल यांनी त्याआधीच, १९६७ साली, ‘द अनटोल्ड स्टोरी’ लिहून आपली बाजू मांडली होती. दळवी वाचणाऱ्याने कौलही वाचावेत. तिसरे पुस्तक लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचे ‘फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट’. पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेतला आणि चिनी फौज नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, कशी उतरेल, हे आधीच मांडून दाखवले होते. ते ऐकले गेले नाही.

मराठीत हा सगळा विषय एकत्र वाचायचा तर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. पित्र्यांनी त्याआधी ‘डोमेल ते कारगिल’मध्ये काश्मीरमधल्या लढायांचा पट मांडला होता. लष्करी डावपेच सोप्या, स्वच्छ मराठीत सांगणारा असा लेखक मराठीला मिळाला, हे आपले भाग्य. सैनिकाच्या घराची बाजू समजून घ्यायची असेल, तर कॅप्टन विनायक गोरे यांच्या आई अनुराधा गोरे यांचे ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ वाचावे.

लंडी खानाचे तिकीट

वाचकाच्या आग्रहाने काय निघते, याचे आणखी एक उदाहरण १९७१च्या युद्धातले. हवाई दलाचे दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन सोबती, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी, हे पाकिस्तानच्या कैदेत होते. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडली आणि पेशावर मागे टाकून ते अफगाण सरहद्दीपासून काही मैलांवर पोहोचले. तिथे त्यांनी लंडी खानाला कसे जायचे, असे विचारले. त्यांच्याजवळच्या जुन्या नकाशात ते रेल्वे स्थानक होते. प्रत्यक्षात ते १९३२ सालीच बंद झाले होते. चाळीस वर्षे बंद असलेल्या स्थानकाची चौकशी करणाऱ्यांचा संशय येणारच, आणि तिघे पकडले गेले.

त्याच कैदेतले धीरेंद्र जाफा यांनी आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या. पळून गेलेल्यांची पूर्ण कहाणी मात्र लिहिली फेथ जॉन्स्टन या कॅनडातल्या लेखिकेने. तिने माणसे गाठली, प्रश्न विचारले, आठवणी एकमेकांशी जुळवल्या आणि २०१३ साली ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ प्रसिद्ध झाले. कल्याणच्या वैद्यांनी जे केले, तेच सव्वाशे वर्षांनी एका परदेशी बाईने केले.

शिफारस कशी करावी

युद्धावरचे पुस्तक सुचवणे जबाबदारीचे काम आहे. ऐकणारा नवा असेल तर त्याला आधी एका माणसाची कहाणी द्यावी. नकाशे, डिव्हिजन आणि ब्रिगेडांची नावे त्याने नंतर पाहावीत. दुसरे पुस्तक त्याच लढाईकडे वेगळ्या जागेवरून पाहणारे असावे, शक्य तर शत्रूपक्षातले. तिसरे इतिहासकाराचे. सुचवताना लेखक लढाईच्या वेळी नेमका कुठे होता आणि त्याने किती वर्षांनी लिहिले, हे आवर्जून सांगावे. खंदकातल्या शिपायाला दोनशे हात दिसतात, मुख्यालयातल्या जनरलला सगळी आघाडी दिसते पण चिखल दिसत नाही. दोघेही खरे सांगत असतात.

अशी शिफारस फुलायला लागणारे वातावरण या जिल्ह्यात आहे. ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने भरवलेल्या पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शनांत लोक आपली वाचून झालेली पुस्तके देऊन दुसऱ्यांची घेऊन जातात. अशा ठिकाणी युद्धावरचे पुस्तक देताना आत एक चिठ्ठी ठेवावी: कोणी वाचावे, का वाचावे, आणि यानंतर काय वाचावे. ग्रंथालयात हवे ते पुस्तक नसेल तर गप्प परत न येता सूचना वहीत मागणी लिहावी.

त्याहून मोठे काम दुसरे आहे. आपल्या सोसायटीत, चाळीत, नात्यात सैन्यातून निवृत्त झालेले कोणीतरी असतेच. कोणी १९७१ला सिग्नलमध्ये होते, कोणी सियाचीनला रसद पोहोचवली, कोणी कारगिलच्या वेळी जखमींना उतरवले. ते आपण होऊन सांगणार नाहीत. त्यांच्याकडे जा, वेळ मागून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा, नंतर लिहून काढून त्यांना वाचून दाखवा. गोपनीय गोष्टी विचारू नका. शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. पण थंडी, जेवण, पत्रे, सोबती, भीती यांवर कोणताही कायदा नाही, आणि इतिहासात नेमके हेच कमी पडते. तयार झालेल्या मजकुराची एक प्रत घरी ठेवा आणि एक जवळच्या ग्रंथालयाला द्या.

१८८३ साली कल्याणचा एक बावीस वर्षांचा मुलगा भटजींच्या मागे लागला, म्हणून झाशी आपल्याला दिसली. तुमच्या शेजारच्या सुभेदारसाहेबांच्या मागे लागणारे कोणी नसेल, तर ते काम तुमचे आहे. या रविवारीच जा.